काकाची सव्वा मूठ

आधी त्या कासारणीचं सांगते, मग बाकीचं. नाहीतर मोठ्या मायचं सांगता सांगता मी तिच्यातच गुंतेन, आणि जिच्यामुळे माझ्या काकीचे हात आजही भरलेले आहेत ती राहूनच जाईल. ती धरणगावची. बांगड्यांची टोपली डोक्यावर घेऊन आमच्या गावी पायी यायची. आमचं तिचं नातं नाही, जात एक नाही. तरी आमच्यापायी तिने स्वतःच्या पोटावर पाय आणला. त्याची फेड मी अजून केलेली नाही.

मी मराठी तिसरीपर्यंत शिकले, मग शाळा सुटली. लग्न झाल्यापासून इथे इटारसीच्या पलीकडे, रेल्वेच्या चाळीत आहे. आजूबाजूला सगळी हिंदी. लिहायला बसलं की हात अडखळतो, आणि लिहू की नको असंही होतं, कारण गावाकडे आमच्या भावकीतल्या आबांच्या घरची माणसं अजून नांदती आहेत. वाचतील, नावं ठेवतील. ठेवोत बापडी.

मोठी माय म्हणजे माझ्या बापाची आई. माहेर नरडाण्याकडचं. पाळण्यातून उतरली आणि बोहल्यावर चढली, असं ती स्वतःच म्हणायची. प्लेगात नवरा गेला तेव्हा तिशीही उलटली नव्हती. मागे दोन पोरगे. दुसऱ्यांच्या शेतात कापूस वेचून तिने ते वाढवले. थोरला माझा बाप. धाकट्याचं, म्हणजे काकाचं, लग्न झालं आणि पहिल्या लढाईत माणसं गोळा करणारे आले, त्यांच्याबरोबर तो धरणगावच्या ठेसनावरून गाडीत बसला. समुद्रापलीकडे नेतात, एवढंच कळलं. तो परत आला नाही, की त्याचा निरोप आला नाही. मानमोडीच्या साथीत माझी आई गेली, मी अंगावर पिणारी होते. मला काकीने वाढवलं. तिला स्वतःचं मूल झालंच नाही, व्हायला नवरा घरात राहिलाच किती.

आमच्याकडे श्रावणात नागपंचमीनंतरच्या रविवारी आमची देवी कानबाई बसते. तिच्या रोटासाठी गहू मोजतात ते घरातल्या पुरुषांच्या नावाने. एकेका पुरुषाची सव्वा मूठ. घरातली सगळ्यात मोठी बाई एकेकाचं नाव घेत सुपात मूठ सोडते. बाईमाणसाची मूठ नसते. ते गहू दळायचे, त्याचे रोट करायचे, आणि घरच्याच माणसांनी ते खाऊन संपवायचे. बाहेरच्याला त्यातला कण देत नाहीत.

मोठी माय दर श्रावणात सगळ्यांच्या आधी काकाची मूठ टाकायची. त्याचं नाव घेताना आवाज जरा चढायचा. कोणी काही बोलत नसे. मूठ पडते आहे तोवर माणूस आहे, आणि माणूस आहे तोवर काकीचं कुंकू आहे, हे गावात सगळ्यांना ठाऊक होतं. आमच्यात पाट लावत नाहीत, विधवेचं दुसरं लग्न होत नाही. ते कुंकू पुसलं तर काकीच्या पुढ्यात पांढरं कपाळ आणि माजघराचा कोपरा, मरेपर्यंत.

मी तेरा वर्षांची असेन. माझं लग्न ठरलं होतं. त्या उन्हाळ्यात आबांचा नातू देवी येऊन गेला. आबा म्हणजे माझ्या बापाचे चुलतभाऊ, भावकीत त्यांचा शब्द शेवटचा. माणूस वाईट नव्हता, पण त्या पोरावर त्यांचा फार जीव. दुःखाने त्यांची मती एकाच गोष्टीवर जाऊन बसली. श्रावण लागायच्या आत ते आमच्या ओट्यावर आले.

"मरेल माणूसनी मूठ कानबाईले टाकतस तुम्ही," ते म्हणाले. "म्हनीसन मन्हा नातू गया."

मोठी माय शेंगा फोडत होती. तिने मान वर केली नाही. "मरेल शे हाई तुले कोनी सांगं?"

"जित्ता ऱ्हाता ते एक कागद तरी धाडता."

"कागद धाडाले लिखता कोठे येस त्याले?"

माझा बाप हसला. आबा हसले नाहीत. औंदा ती मूठ पडायची नाही, आणि श्रावण सरल्यावर दर्भाचा पुतळा करून काकाची क्रिया उरकायची, असं सांगून ते उठले. जाताना मोठ्या मायला एवढंच म्हणाले, "मीबी पोऱ्याच गमायेल शे, काकी." त्यांचे डोळे भरले होते. त्यामुळे भांडायलाही जागा उरली नाही.

मोठ्या मायने त्या दिवसापासून जेवण सोडल्यासारखंच केलं. भाकरीचा तुकडा मोडायची आणि ताटातच ठेवायची. एके सकाळी बापाला म्हणाली, गाडी जुंप, मला धरणगावच्या ठेसनावर ने. बाप म्हणाला, माय, इतक्या वर्षांनी तिथे कोण सांगणार. ती म्हणाली, तुला सांगायला कोण सांगतंय, तू बैल हाक. मीही गाडीत बसले. तिथे तिने हमालांना विचारलं, पाणी पाजणाऱ्याला विचारलं, तिकिटाच्या खिडकीत तोंड घालून विचारलं. माझा पोरगा इथून गेला, तुम्ही गाडीत बसवला, तर उतरवायचाही तुम्हीच. तिकीट देणारा चांगला होता, त्याने हाकललं नाही. म्हणाला, आजी, तेव्हा मी शाळेत होतो. सुरतेकडून गाडी आली. ती डब्याडब्यापाशी जाऊन नाव घेऊन हाका मारत फिरली. गाडीतले लोक बघत होते. कोणी हसलं, एका बाईने खिडकीतून केळं देऊ केलं. गाडी गेली. परतताना ती चाकाला धरून उभी राहिली, वर चढता येईना तिला. मी आणि बापाने उचलून ठेवली. काही वजनच नव्हतं.

कानबाईच्या आदल्या दिवशी गहू मोजायचे आणि त्याआधी बायांनी बांगड्या भरायच्या. कासारीण आमच्या अंगणात येऊन बसली. आबांची बायको होती, शेजारपाजारच्या होत्या. आबा ओट्यावर होते, मूठ पडू नये म्हणून मुद्दाम आलेले. कासारीण तोंडाने फटकळ. कोणाचा हात जाड असला तर म्हणायची, "हाई हात शे का मुसळ?" बाया हसत आणि कळ सोसत.

माझा हात साबण लावून तिच्या हातात होता. मागून काकी आली, पुढे यावं की नाही अशी. तशी आबांची बायको म्हणाली, "तिले भरू नको वं. तिनं आते काय खरं नही."

कासारणीने माझ्या हातावर बांगडी चढवली, मग दुसरी. मग म्हणाली, "मी हात देखस, अक्का. कपाळ देखनं मन्हं काम नही." आणि काकीला म्हणाली, "बस."

काकी बसली. तिच्या हातातल्या जुन्या बांगड्यांचा बारीक आवाज येत होता. कासारणीने तिचे दोन्ही हात भरले. नेहमीपेक्षा जास्त, अगदी दाटून. भरून झाल्यावर तिने टोपली आवरली आणि ओट्याकडे बघून म्हणाली, "आबा, बांगड्या मी भऱ्यात. फोडान्या व्हतीन ते फोडा. पन जी बाई फोडी, तिना घरमा मी पुन्हा हात धराव नही. तिनी पोरना लगीनलेबी नही."

आबा म्हणाले, "गावमा येवानं शे ना तुले?"

"येवानं व्हतं," ती म्हणाली.

बांगड्या पुरुष फोडत नाहीत. तो हात बायांचाच लागतो. आणि आमच्या घरच्या सोडल्या तर त्या अंगणात जिला लेक नाही अशी एकही बाई नव्हती. कासारणीने हात धरला नाही तर आपल्या लेकीच्या चुड्याला शाप लागेल, ह्या भीतीने सगळ्यांचे हात पदराखाली गेले. आबांनी बायकोकडे बघितलं. तिने मान फिरवली.

गहू मात्र आबांनी समोर बसून मोजवून घेतले. मोठ्या मायने माझ्या बापाची मूठ टाकली, माझ्या भावांच्या टाकल्या. मग मूठ वळली, सुपावर धरली आणि काकाचं नाव घेतलं.

आबा उठून आले. "काय शे तिमा?"

तिने बोटं उघडून दाखवली. "देख. काहीच नही."

रिकाम्या मुठीला काय अडवणार? ते तसेच निघून गेले. पुतळ्याची गोष्ट नंतर त्यांनी काढली नाही, पण कासारणीला गावबंदी केली. घराघरात सांगितलं, तिच्याकडून भराल तर आमच्याकडे विस्तव मागायला येऊ नका. गावाने ऐकलं. आजूबाजूच्या वाड्यांतही आबांचे सोयरे, तिथेही तिला कोणी बोलावेना. माझ्या लग्नाचा चुडा बाजारातल्या एका परक्या माणसाने भरला.

त्यानंतर ती गावात पाय ठेवत नसे. शिवेवर नाल्याच्या काठी येई. काकी गवताच्या निमित्ताने जाई, आणि ती फुटल्यातुटल्या जागी नव्या बांगड्या भरून पाठवी. कितीतरी वर्षं असं चाललं.

मोठ्या मायचं शेवटचं दुखणं आलं तेव्हा मी गेले. तो सुराज्य यायच्या आधीचा उन्हाळा. ती खाटेवर नव्हतीच म्हणा, गोधडीत कुठेतरी होती. एका दुपारी काकी विहिरीवर गेलेली असताना मला जवळ बोलावलं.

"तो नही शे, पोरी. माले कव्हयनं मालूम शे."

मला कळेना. मी म्हटलं, मग इतकी वर्षं मूठ कसली धरत होतीस?

"ती मूठ त्यानी कोठे व्हती? ती इनी व्हती." आणि विहिरीच्या वाटेकडे डोळे फिरवले.

मग तिने सांगितलं, जे तिने आयुष्यात कोणाला सांगितलं नव्हतं. तिचा नवरा गेला त्या दिवशी दोघींनी तिचे हात जात्यावर दाबून धरले आणि तिसरीने बांगड्या फोडल्या. काच मांसात गेली. हात सुजले, आणि त्याच सुजल्या हातांनी पुढच्या आठवड्यात कापूस वेचायला जावं लागलं. बोंडाचं टोक लागलं की जीव जाई. "धरनाऱ्या मन्ह्याच जावा व्हत्यात," ती म्हणाली. "दोन्ही रडी ऱ्हायन्यात, आनि धरी ऱ्हायन्यात."

मग म्हणाली, "मन्हा मांघे तिना हात कोनी धराले नको."

ती माझ्याकडे बघत राहिली. मी कोणत्या तोंडाने हो म्हणणार होते? दोन गाड्या बदलून येणारी मी, चार दिवसांनी परत जाणार. मी तिचे पाय चेपत बसले. ती गेली ती माझं उत्तर न ऐकताच.

त्या श्रावणात तिचं वर्ष सरलं नव्हतं, कानबाई बसली नाही. आता येत्या श्रावणात बसेल. मूठ कोण टाकणार? घरात मोठी बाई आता काकीच. आबा थकलेत, पण त्यांच्या सुना तयार झाल्या आहेत, आणि त्यांनी आतापासूनच म्हणायला सुरुवात केली आहे, की जिच्या नवऱ्याची मूठ नाही, पोटी पोरगाही नाही, तिने सुपाला हात कसा लावावा. रिकामी मूठ धरायची ताकद काकीत नाही. ती गरीब आहे, कोणी ओरडलं की हात पुढे करेल. मला इथे रात्र रात्र झोप लागत नाही.

त्या खेपेला गावाहून निघायच्या आदल्या दिवशी मी धरणगावला त्या कासारणीच्या घरी गेले. तिच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू उतरलाय. मी कोण हे तिने माझा हात चाचपून ओळखलं. म्हणाली, "हातले माप ऱ्हास, पोरी. डोया कसाले लागतस?" पण शिवेपर्यंत तिला आता कोणीतरी धरून न्यावं लागतं, आणि न्यायला घरात कोणी नाही. दोनदा ती वाटेत पडली. काकी शिवेवर वाट बघून परत गेली.

मी तिच्यासाठी गुळाची ढेप नेली होती. ती तिने घेतली नाही. गावात नेऊन काकीला दे म्हणाली.

इथे रेल्वेच्या दवाखान्यात डोळे कापणारा डॉक्टर महिन्यातून एकदा येतो. मालक रेल्वेत आहेत, त्यांच्या पासावर आईबापाला आणता येतं. तिला आई म्हणून लावता येईल का, हे त्यांना विचारायचं धाडस मला अजून झालं नाही. करीन. ह्या श्रावणाच्या आत झालं तर बरं, नाहीतर त्यानंतर, पण तिला मी इथे आणीन, तिचे डोळे करून घेईन आणि माझ्या हाताला धरून तिला आमच्या गावात नेईन. शिवेपर्यंत नव्हे, अंगणापर्यंत. ती आहे तोवर मला हे करायचं आहे. मी ते करीन.