गुरूच्या पट्ट्यातला उघडा ताणा

आंधळगावात आमच्या ओळीतला शेवटचा माग माझ्या धाकट्या दिराचा, ताराचंद सोनकुसरेचा. वय सदुसष्ट. माणूस बाजेवर बसला तरी पाय काही बसत नाहीत, मागाची पावडी दाबल्यासारखे हलत राहतात. पन्नास वर्षं कोशाच्या रेशमाच्या करवतकाठी साड्या विणल्या, त्या पायांना आता कोण समजावणार?

मागाचा खड्डा घराच्या पुढच्या खोलीत. त्याच खोलीवर त्याच्या पोराचा, मनिषचा डोळा. त्याला तिथं मोबाईल दुरुस्तीचं दुकान टाकायचं. पोरगा वाईट नाही. पण माग वर्षभर रिकामा, तोही किती थांबेल? म्हणाला, "बाबा, दिवाळीपर्यंत काम आलं तं ठीक. नाई तं मी खड्डा बुजवतो."

काम आलं ते थेट आभाळातून. मोहाडीची करुणा नागपुरात शिकवते. तिच्या आईची लग्नातली साडी ताराचंदच्याच मागावरची. ती ग्रहांच्या फोटोंचं प्रदर्शन भरवणार होती. तिनं गुरू ग्रहाचा फोटो आणला, जसाच्या तसा कोशात विणून पाहिजे म्हणाली. आत माणूस नसलेलं एक यान म्हणे तिथं एकटंच फिरतं आणि फोटो काढून धाडतं. आडवे पट्टे होते, मधाच्या रंगाचे, मातीच्या, दुधाच्या सायीच्या. ताराचंद म्हणाला, "वहिनी, हे तं आपल्या कोशाचेच रंग आहेत!"

करुणानं समजावलं, की फोटो एकदम येत नाही. एकेक ओळ येते, आणि इथं पोचायला पाऊण तास लागतो.

"म्हंजे एकेक बाणा, आडवा धागा टाकल्यावानी," ताराचंद म्हणाला.

"हो काका, अगदी तसंच. लोकायले आवडलं तं बाकीचे ग्रहही तुमीच विणाचे."

मनिष ऐकत होता. "पाहू," एवढंच बोलला.

फोटोच्या मधोमध दोन बोटं रुंद काळी पट्टी होती. तेवढ्या ओळी वाटेतच हरवल्या, असं करुणानं जाताना सांगितलं होतं. तिथवर ताराचंदनं भराभर विणलं आणि तिथं येऊन अडला. चार दिवस हा माणूस कुठं टिकला नाही. तलावाच्या पाळीवर जाई, एस. टी. स्टँडवर जाई, आणि दिवसातून तीनदा माझ्याकडे येऊन अर्धा कप चहा तसाच टाकून जाई.

"वहिनी, तिथं काय असंल?"

"मले काय इचारता? मी काय तिथं माहेरपणाले गेली होती?"

"इतक्या लांबून आलं, आन् धागा तुटलाच कसा?"

पाचव्या दिवशी त्यानं आपल्या धंद्याचा धर्म पाळला. विणकराचा धागा तुटला तर तो जोडतो, भोकाचं कापड कोणाला देत नाही. वरच्या पट्ट्यातला मातकट घेतला, खालची साय घेतली, आणि अशी सांधणी केली की माझ्या चष्म्यालाही सापडेना. कापड मागावरून उतरवलं तेव्हा गडी खुशीत होता.

प्रदर्शनाच्या दोन दिवस आधी करुणा आली. कापड पाहून हसली, मग फोटो बाजूला धरला आणि उंबरठ्यावरच बसली.

"काका, हे मधातलं कुठून आणलं?"

"जोडलं. दिसते काय?"

"नाई दिसत, तेच तं! लोक म्हणतील, गुरूवर असंच आहे. तिथं काय होतं ते कोणालेच माहीत नाई. हे खोटं ठरते, काका. मी नाई टांगू शकत."

खोटं! कोशात दुसरं सूत मिसळल्याचा आळ आमच्या घरावर कधी आला नव्हता. ताराचंदनं कापडाची घडी घातली.

"मंग नको टांगू. उघडा ताणा, नुसते उभे धागे, लोकायपुढं ठेवू? सोनकुसरेचा हात गेला म्हणतील."

करुणा म्हणाली, "परवा सकाळी गाडी धाडते, काका. पाहा." मनिष दारात उभा होता. त्यानं नजरेनं खोली मोजून घेतली. ताराचंदनंही ते पाहिलं.

दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत त्यानं माझ्या अंगणात इतक्या फेऱ्या घातल्या की कोंबड्यांनी जागा सोडली. शेवटी मी म्हटलं, "भाऊजी, तुमी ती पट्टी पाहिली होती काय?"

"नाई."

"यानानं धाडलेली पोचली काय?"

"नाई."

"मंग विणली काहून?"

जरा वेळानं तो कापड आणि सुई घेऊन आला. "वहिनी, दोन्हीकडून बांधत चला, नाई तं बाकीचे बाणे सरकतील."

सुईनं एकेक बाणा उचलायचा, कापायचा, ओढायचा. मी दोन्ही कडांना गाठी मारत गेले. जन्मभर धाग्याच्या कांड्या भरलेल्या माझ्या बोटांना हे उलटं काम नवीन होतं. शंभरावर बाणे निघाले. दर बाण्याला त्याचा उजवा हात मागाची फणी ठोकायला उठे आणि हवेतच थांबे. अंधारायच्या आत काम झालं. मध्ये नुसता उभा ताणा राहिला, त्यातून माझ्या लुगड्याचा रंग दिसत होता. त्याच्याच्यानं पाहवेना. तोंड फिरवून म्हणाला, "घडी तुमीच घाला."

करुणानं धाडलेल्या गाडीतून नागपूरला आम्ही तिघं गेलो. फोटो आणि कापड शेजारी शेजारी टांगलं होतं. येणारा प्रत्येक जण नेमका त्या पट्टीपाशीच थांबे, आणि ताराचंद माझ्या मागं लपे. एक बाई म्हणाली, "इथं विणायचं राहिलं वाटतं?"

ताराचंदच्या आधी मनिष बोलला. "राहिलं नाई, काकू. तेवढं तिथून आलंच नाई. जे आलं नाई ते बाबा विणत नाईत."

परत येताना एस. टी.त बापलेक एका बाकावर बसले. मी मुद्दाम मागं बसले.

दुकान आता पडवीत आहे. धूळ उडते म्हणून मनिष दिवसभर कुरकुरतो, "माग खोलीत, आन् गिऱ्हाईक उन्हात!"

आतून ताराचंद ओरडतो, "चूप बस ना बे, शनीचं कडं मोजून राहिलो!"