शेऱ्यातलं खलास

तय्यबा मुरूडची, सिद्दी घरातली. कतारमध्ये, अबू हमूरला आमच्या समोरच राहायची. मी इतिहास घेऊन बी.ए. झालेली, ती बारावी. पण २००२ साली काम मिळालं ते तिला. एका म्हाताऱ्या कतरी साहेबांनी जुन्या नोंदवह्या जमवल्या होत्या. मोती काढायला आणलेली आफ्रिकेकडची माणसं, त्यातलं कोण गुलाम, कोण मोकळं, सगळं त्यात. त्यांची इंग्रजीत यादी हवी होती. तय्यबाला मदरशामुळे अरबी अक्षरं वाचता येत, मला नाही. हे मला फार झोंबलं.

दुपारी ती झेरॉक्स घेऊन माझ्याच टेबलाशी बसायची. मी पापलेटं साफ करत ऐकायची.

"बिलाल, पाणबुड्या. शेरा, खलास." ती वाचायची आणि पुढे 'डेड' लिहायची.

एके दिवशी ती थबकली. "पॉलीन गो! मुबारक, जंजिऱ्याचा!"

तिच्या आजोबांचा हा भाऊ तरुणपणी गलबतावर गेला आणि वाटेत विकला गेला, एवढंच तिच्या घरात माहीत. वहीत साल १९३१, शेरा खलास. तय्यबा हमसून रडली. "शनिवारी यादी देते, मग आत्याला फोन करते. त्याच्या नावाने फातिहा तरी पढतील."

मी तिला जवळ घेतलं. मनात मात्र आलं, मेलेला माणूससुद्धा हिलाच सापडावा?

ती गेल्यावर मी तिच्या वाचायच्या राहिलेल्या झेरॉक्स चाळल्या. १९३४च्या एका पानाला इंग्रजी दाखला जोडलेला. त्यात दुसऱ्या कुणाच्या सुटकेला साक्षीदार कोण? मुबारक, जंजिऱ्याचा. अंगठ्यासकट. मग डोक्यात लख्ख उजेड पडला. इथला भाजीवाला दिवसात दहादा खलास म्हणतो, कोण मरतं? मिटलं, सुटलं, एवढाच त्याचा अर्थ. आपल्या मराठीतलं खलास तिने त्या माणसांना लावलं होतं.

दोन दिवस मी गप्प बसले. जाऊ दे यादी तशीच, साहेबांना कळेल बी.ए. कशाला म्हणतात!

"तोंड का आंबट?" माझ्या नवऱ्याने, लुईसने विचारलं. मी सांगितलं तसा हसला. "म्हणजे त्या बिचाऱ्याला तू दुसऱ्यांदा मारणार?"

इथे सुट्टी शुक्रवारी, म्हणून आमची ख्रिस्ती प्रार्थनाही त्याच दिवशी. ती आटोपून मी तडक तिच्या दारात.

"तय्यबा, मेलेली माणसं साक्षीला येतात काय गो?"

तिने दोन्ही पानं शेजारी धरली. १९३१च्या खलासवर बोट ठेवलं. मग ओरडलीच, "सुटला! तो सुटला गो!"

संध्याकाळपर्यंत आम्ही एकेचाळीस 'डेड' खोडले. तिने मुरूडला फोन लावला. "आत्या, रडतेस काय? गोड शिरनी वाट!"

साहेबांनी तिला पुढची वहीही दिली. चूक कुणी पकडली हे तिने सांगितलं होतं, तरी दिली तिलाच. जळायला मला अजून होतं. पण आता दुपारी मासे फ्रिजमध्ये ठेवून मी तिच्यापुढे अलिफ, बे गिरवते. पहिला शब्द मीच मागून घेतला, खलास.