मिलिंदची कप फायनल

माणूस गेला की त्याचे किस्से जमायला लागतात. कोलोनच्या आमच्या ऑफिसात आम्ही चार मराठी इंजिनिअर. आता तीन. कॉफी मशीनपाशी जमलो की कोणीतरी सुरू करतं, "मिलिंद एकदा काय म्हणाला माहितीये?" आणि कॉफी गार होते.

*

मिलिंद जाधव मूळचा साताऱ्याचा. फुटबॉलचं वेड त्याला मुलीने, जुईने लावलं. ती त्याला पहिल्यांदा बायकांच्या मॅचला घेऊन गेली, तर हा उभा राहून ओरडला, "अगं पास दे की! बॉल काय घरी नेणारेस?" शेजारच्या जर्मन आजोबांनी अर्थ विचारला. याने समजावला. पुढच्या मॅचला आजोबाच उठून ओरडले, "पास दे की!"

*

त्याचे वडील, अण्णा, तीन महिने राहायला आले होते. मिलिंदने त्यांना बायकांच्या जर्मन कपची पद्धत सांगितली, "नॉकआउट असतं, अण्णा. एक मॅच हरली की घरी."

अण्णा म्हणाले, "म्हणजे लवकर घरी जातात पोरी. आईबापांना बरं."

मिलिंदला इथे अठरा वर्षं झाली होती. त्याने हे आम्हाला हसत सांगितलं, पण मान खाली घालून.

*

कॅन्सर निघाला तेव्हा त्याने आम्हा तिघांना कॅन्टीनमध्ये बोलावून सांगितलं. मी म्हटलं, "काही लागलं तर सांग."

"लागेल ना! माझं मंगळवारचं प्रेझेंटेशन तू कर."

केलं. इतकं वाईट झालं की बॉसने सगळ्यांसमोर विचारलं, "मिलिंद कधी येणार?"

*

मे महिन्यात आमची बायकांची टीम कपच्या फायनलला पोहोचली, आणि फायनल कोलोनमध्येच! मिलिंदने तिकिटं काढून ठेवली होती. आदल्या आठवड्यात त्याला हॉस्पिटलमध्ये हलवलं. जुईने तिकिटं मैत्रिणींना दिली आणि लॅपटॉप घेऊन त्याच्या कॉटशी बसली. मीही होतो. भर दुपारचं ऊन खोलीत आलं होतं.

नव्वद मिनिटांत एक-एक. एक्स्ट्रा टाइम सुरू झाला आणि औषधाच्या गुंगीत मिलिंदचा डोळा लागला. अगदी शेवटच्या मिनिटाला कॉर्नर, हेडर, गोल! समोरच्यांचा. जुईने हळूच लॅपटॉप मिटला.

त्या आवाजाने त्याने डोळे उघडले. "कोण जिंकलं गं?"

"आपण."

"मग रडतेस का?"

"म्हणूनच, बाबा."

तेवढ्यात सलाइन बदलायला जर्मन नर्सबाई आल्या. त्याही आमच्याच टीमच्या. मॅच फोनवर बघून आल्या होत्या, चेहरा पडलेला. म्हणाल्या, "फार वाईट झालं, मिस्टर जाधव."

"वाईट काय? आपण जिंकलो! माझी मुलगी सांगतेय."

बाईंनी जुईकडे बघितलं.

"गेनाऊ, अगदी बरोबर," त्या म्हणाल्या. "जिंकलोच! दोन-एक."

"मी झोपलो हो. गोल कसा झाला?"

बाईंनी सलाइन लावलं, खुर्ची ओढली, आणि त्याचा हात हातात घेऊन त्याला अख्खा एक्स्ट्रा टाइम सांगितला. पहिल्या पासपासून.