काशिरामच्या करवंट्या

हे मी आजवर कोणाला सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही — आणि तिला तर माझ्या घोरण्यापासून दाढदुखीपर्यंत सगळं ठाऊक. तुम्हालाच का सांगतोय? कोण जाणे. तुम्ही मध्ये बोलत नाही, म्हणून असेल.

छत्तीस-सदतीस सालातली गोष्ट. नाशकात मी मास्तरकी शिकत होतो. आमचे थोरले मास्तर म्हणजे नमुना माणूस. फळ्यावर कोणी बेडूक काढला की पुसायला लावायचे, म्हणायचे, खरा आणा. शास्त्र पोरांच्या हातात द्यायचं, कानात ओतायचं नाही, हा त्यांचा हेका. त्यापायी आम्ही मिशा फुटलेले बाप्ये पंचवटीच्या बाजारात मुळासकट भाज्या आणि रिकाम्या बाटल्या मागत हिंडायचो. भाजीवाल्या तोंडाला पदर लावून हसायच्या. काय मजेचे दिवस होते हो ते!

परीक्षेच्या पाठाला विषय आला — बी कसं रुजतं. पाच करवंट्यांत माती भरायची आणि एक दिवसाआड एकेकीत वाल पेरायचे. म्हणजे परीक्षेच्या दिवशी नुसत्या फुगलेल्या बियेपासून दोन पानांच्या रोपापर्यंत सगळं पोरांना हातात घेऊन बघता येणार. माझ्या खोलीत काशिराम राहायचा. सुरगाण्याकडच्या डोंगरातला, घरी भात-नागलीची शेती. त्याच्या बोलण्याला आम्ही शहरी पोरं हसायचो, पण बी पेरावं तर त्यानेच. ठरल्या दिवशी पेरायचा, रोज सकाळी ओंजळीने पाणी घालायचा. आणि मी? मी गोदेत डुंबत होतो. उद्या पेरू, परवा पेरू — असे आठ दिवस गेले.

मग धावपळ. खाणावळीच्या काकू उसळीसाठी वाल फडक्यात बांधून चुलीजवळ उबेला ठेवायच्या, ते पाहिलं होतं. जास्त ऊब म्हणजे लवकर मोड, नाही का? मी गाठोडं ओलं करून थेट चुलीच्या वैलावर, निखाऱ्यांलगत ठेवलं. संध्याकाळी सोडलं तर वाल मऊ लोण्यासारखे. मोड कसला येतोय, कपाळ! तरी ते मी पाचही करवंट्यांत कोंबले. अक्कल पाहा.

इथवर हसायला सोपं आहे. पुढे जरा — सांगतो, सांगतो.

परीक्षेच्या सकाळी सगळ्यांच्या करवंट्या व्हरांड्यात मांडलेल्या होत्या. प्रत्येकीवर नावाची चिठ्ठी, खळीने चिकटवलेली. आसपास कोणी नव्हतं. काशिरामची रोपं काय तरारली होती! मी त्याच्या चिठ्ठ्या सोलून माझ्या करवंट्यांना लावल्या आणि माझ्या त्याच्यांना. किती वेळ लागला असेल? एक विडी ओढून होणार नाही इतकाच.

माझा पाठ आधी होता. पोरांनी रोपं उपटली, मुळं मोजली, एकीने तर दोन पानांच्या मधोमध नाक खुपसलं. तपासनीस साहेब खूश. मीही खूश — हो, लाज वाटली नाही, खूशच होतो.

मग काशिराम उभा राहिला. करवंट्यांकडे बघितलं आणि एकदाच माझ्याकडे. त्याला कळलं. आपल्या हातचं रोप कोणाला ओळखू येत नाही? पण तो पोरांकडे वळला. पोरांना म्हणाला, उकरा. आणि विचारलं, का नाही उगवलं? काय पाठ रंगला! पाणी जास्त झालं, किडलं, मुंग्यांनी खाल्लं, पोरांचा नुसता गलका. शेवटी एका चिमुरडीने वाल चिमटीत दाबला आणि म्हणाली, "गुरुजी, हे तर शिजलंय." पुढे तीसेक वर्षं तोच पाठ मी गावोगाव दिला. माझा म्हणून दिला, शाबासकी घेतली.

साहेबांनी त्याला नापास केलं. शेरा मारला — बी वेळेवर पेरलेच नाही, ऐनवेळी शिजलेले वाल कोंबले, तयारीत हयगय. त्याचं वर्ष गेलं.

तुम्हाला वाटेल हाच माझा गुन्हा. हाच असता तर मी कधीच सांगून मोकळा झालो असतो.

त्या दुपारी काशिराम खोलीत आला. चिठ्ठ्यांचं नाव काढलं नाही त्याने. फक्त म्हणाला, "दादा, साहेब म्हनं म्या येळेवर पेरलंच नाय. तू तर रोज बघत व्हता. थोरल्या मास्तरांना येवढं सांगशील का? ते साहेबाला सांगतील, मला पुन्हा पाठ घेऊ देतील." माझं नाव कुठे येणारच नव्हतं, लक्षात घ्या. त्याने तशी वाट काढून आणली होती माझ्यासाठी.

मी म्हटलं, सांगतो.

दोन दिवस तो वळकटी बांधून थांबला. दोन्ही दिवस जेवताना त्याने माझ्याकडे बघितलं आणि मी म्हटलं, मास्तर भेटले नाहीत. तिसऱ्या सकाळी तो गावी निघून गेला. मास्तरांची खोली आमच्यापासून वीस पावलांवर होती, आणि मास्तर दोन्ही दिवस आतच बसलेले होते.