विमान आलंच नाही, पोलीस आला

मागच्या शनिवारी सासूबाईंना घेऊन विमानाचे फोटो काढायला गेलो... हो, सासूबाईंनाच!

त्या नागपूरहून येऊन जेमतेम महिना झालाय. माझ्या बायकोच्या, मीराच्या मैत्रिणी डोहाळजेवणाची तयारी करायला येणार होत्या, म्हणून तिनं आम्हा दोघांनाही घराबाहेर काढलं. "आईला तुझी विमानं दाखव," म्हणाली.

प्रॉब्लेम असा, की सासूबाईंचं आणि माझं बोलणं म्हणजे "चहा घेता का?" आणि "घेतो." मी हॉलमध्ये आलो की त्या सोफ्यावरून उठून उभ्या राहतात. शिकागोजवळच्या शॉमबर्गमधल्या आमच्या दोन खोल्यांच्या अपार्टमेंटमध्ये हे फार अवघड जातं हो...

त्या दिवशी एक अवाढव्य रशियन मालवाहू विमान शिकागोत उतरणार होतं. आमच्या विमानवेड्यांच्या ऑनलाइन ग्रुपवर आठवडाभर तीच चर्चा. विमानतळाच्या कुंपणाबाहेर गाडी लावली, नवी लेन्स चढवली... आणि बर्फ सुरू झाला.

'हलका बर्फ' असा अंदाज होता. बघता बघता समोरचं कुंपणही दिसेना. ग्रुपमधल्या एका मित्राचा फोन आला... रनवे बंद, विमान दुसऱ्याच शहराकडे वळवलं. वैतागून गाडी रिव्हर्सला टाकली, तर चाकं जागच्या जागी गरगर फिरायला लागली.

उतरून हातांनीच बर्फ उकरत होतो, तेवढ्यात मागे पोलिसांच्या गाडीचे लाल-निळे दिवे. अकरा सप्टेंबरच्या हल्ल्यांनंतर विमानतळाबाहेर, गळ्यात हातभर लेन्स अडकवलेला माझ्यासारखा माणूस... आणि आमचं ग्रीन कार्ड अजून अधांतरी.

इथे काय करताय, त्यानं विचारलं. "विमानांचे फोटो," मी म्हणालो. ते माझं मलाच संशयास्पद वाटलं... कारण आकाशात एकही विमान नव्हतं!

तेवढ्यात आमच्या गाडीची काच खाली झाली. सासूबाई रिटायर होईपर्यंत शाळेत इंग्रजी शिकवायच्या. वर्गात बोलावं तशा खणखणीत आवाजात म्हणाल्या, "ऑफिसर, ही इज माय सन-इन-लॉ. ही इज अ गुड मॅन. बट व्हाय ही फोटोग्राफ्स एरोप्लेन्स, आय डू नॉट नो."

पोलीस हसलाच. तो म्हणे गोठलेल्या तळ्यावर मासे पकडायला जातो, आणि त्याची बायकोही त्याच्याबद्दल अगदी हेच म्हणते.

त्यानं माझं लायसन्स तपासलं, परत दिलं, आणि चक्क पुढून गाडीला खांदा लावला. मी स्टिअरिंगवर, आणि सासूबाई खिडकीतून डोकं बाहेर काढून "पुश! पुश!"

गाडी रस्त्याला लागली तशा त्या डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसत सुटल्या. "काय बाप्पा मकरंदराव, तुमचा चेहरा पाहायला हवा होता!"

"आई, पण तुम्ही मला गुड मॅन म्हणालात..."

"मग? पोलिसासमोर खोटं बोलू का?"

थोड्या वेळानं त्यांनीच विचारलं, "बरं, आता सांगा तरी... काय दिसतं तुम्हाला त्या विमानांमध्ये?"

आणि मी सांगत सुटलो. आजवर असं कोणी विचारलंच नव्हतं. त्या मध्येच थांबवून शंका विचारत होत्या, मी एक हात हवेत धरून लँडिंग समजावत होतो.

फोटो एकही मिळाला नाही. हायवेवर सगळ्या गाड्या मुंगीच्या पावलानं चालल्या होत्या. एरवी चिडचिड केली असती... त्या दिवशी मात्र वाटत होतं, घर इतक्यात येऊ नये.