राष्ट्रगीत चालू असताना

“ए, हो बाजूला! फोटोत येतेयस.”

सोसायटीचे सेक्रेटरी दात आवळून, ओठ न हलवता बोलले. राष्ट्रगीत चालू होतं ना. हात मांड्यांना चिकटलेले, छाती पुढे, नजर वर झेंड्यावर.

मी हलले नाही. माझ्या हातात बी विंगच्या ओल्या कचऱ्याची पिशवी होती. खराडीच्या या सोसायटीत मी ठेकेदारामार्फत हाऊसकीपिंगला आहे. झेंडावंदनाचं मैदान पहाटे मीच झाडलेलं. सव्वीस जानेवारीचा कार्यक्रम सुरू व्हायच्या आत कचरा गेटवर न्यायचा होता, आणि नेमकी झेंड्यासमोरून जाताना स्पीकर लागला. लागला की असू तिथं थांबायचं. लोणी काळभोरच्या शाळेत हेच शिकले. नाकावर माशी बसली तरी हात उचलायचा नाही.

“जा ना! कळत नाही का?”

जावं तर राष्ट्रगीताचा अपमान, थांबावं तर यांचा. पिशवीतलं पाणी माझ्या पायावर गळत होतं. पहिल्या रांगेतल्या एका मॅडमनी नाकाला ओढणी लावली. आणि माझा गळा भरून आलेला. दरवेळी येतो. ते निळं चक्र वर फडकलं की वाटतं, आमचंही काही आहे या देशात. आम्ही बौद्ध. माझी आई ते चक्र बघून हात जोडायची. त्या दिवशी अभिमान आणि लाज दोन्ही एकदम घशात आले, आणि मला रडायचीही चोरी.

राष्ट्रगीत संपलं. सेक्रेटरी सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, “अहो बाई, आज प्रमुख पाहुण्या आपणच होतात का? कळवलं असतंत तर हार आणला असता.”

सगळे हसले. मग जिलबी वाटली. मला कुणी दिली नाही. मी मागितली नाही.

दुपारी ठेकेदाराच्या सुपरवायझरचा फोन. माझा फोटो सोसायटीच्या ग्रुपवर फिरत होता. खाली कुणीतरी लिहिलेलं, कचरा हातात घेऊन बाईने राष्ट्रगीताचा अपमान केला. सुपरवायझर म्हणाला, “संध्याकाळी क्लबहाऊसमध्ये जा. माफी माग. नाहीतर उद्यापासून येऊ नको.”

नवऱ्याला काम नव्हतं. मुलगी कॉलेजात. मी गेले. खोटं कशाला सांगू, माफी मागायचं ठरवूनच गेले. चुकलं म्हणाले. हात जोडले.

“असं नाही,” सेक्रेटरी म्हणाले. “नीट म्हणा. मी राष्ट्रगीताचा अपमान केला.”

पाया पडायला सांगितलं असतं तर पडलेही असते. पण हे कसं म्हणू? हे एवढं एकच माझ्याकडे होतं, आणि तेच माझ्या तोंडून नाकारून घ्यायचं होतं त्यांना.

“कचरा तुमचा हाय, साहेब. मी नुसती धरून उभी होते,” मी म्हणाले. “आन राष्ट्रगीत चालू असताना बोलत तुम्ही होता. मी न्हाय.”

मी चपला घातल्या आणि घरी आले.

मला काढलं नाही. या पगारात दुसरी बाई मिळत नाही. पण हुकूम निघाला, झेंडावंदनाच्या वेळी हाऊसकीपिंगने खाली तळघरातल्या पार्किंगमध्ये थांबायचं. पंधरा ऑगस्टला थांबले. वरून स्पीकरचा आवाज येत होता. मी गाड्यांच्या मध्ये ताठ उभी राहिले. झेंडा दिसत नव्हता, तरी गळा भरून आला. स्वतःचाच संताप आला. जे लागलं की मीही या देशाची वाटते, ते लागायच्या आधी हे लोक मला खाली पाठवतात. आणि मी मुकाट्याने जाते.

परवा सव्वीस जानेवारी आहे. सुपरवायझरने पुन्हा बजावलंय. मी त्याला सांगून टाकलं, मी वर येणार. पहिल्या रांगेत. मुलीलाही घेऊन येणार. काढायचं असेल तर सगळ्यांच्या देखत काढा. राष्ट्रगीत मी पुन्हा तळघरात उभी राहून ऐकणार नाही.