धर्माजीचे नवे बूट

काशीगावची गिरिजा नवऱ्याविषयी वाईट बोलणारी बाई नव्हे. धर्माजी होताच तसा सरळ. दारू नाही, पत्ते नाहीत, घरात कधी आवाज चढवणं नाही. पण त्याचा तो ट्रक! त्या ट्रकाने गिरिजाचं डोकं उठवलं होतं.

वरसाव्याच्या खदानीवरून खडी उचलायची आणि मीरा रोडला जिथे तिथे उभ्या राहणाऱ्या बिल्डिंगांच्या पायाशी नेऊन ओतायची, हा धर्माजीचा धंदा. त्र्याण्णव साल चालू होतं, कामाला तोटा नव्हता. केबिनमध्ये चढायच्या आधी हा बाबा चपला काढायचा, पायरीला हात लावून कपाळाला लावायचा आणि अनवाणी पायांनीच गाडी हाकायचा. कधी बायकोला बरोबर घेतलं तर तिलाही चपला काढायला लावायचा. आणि घरी? घरी मात्र खडीच्या भुकटीने माखलेल्या चपलांसकट थेट चुलीपर्यंत. ट्रक म्हणजे देऊळ आणि माझं घर म्हणजे एसटी स्टँड, असं गिरिजा रोज लादी पुसताना बडबडायची. ऐकायला अर्थातच कोणी नसायचं, धर्माजी बाहेर गाडीच्या काचा पुसत असायचा.

त्याला काही द्यायचं म्हटलं तरी सोय नव्हती. तिने हौसेने गोधडी शिवली, ती इंजिनाच्या झाकणावर गेली. टॉवेल आणला, त्याने काच पुसली. स्टीलचा डबा घेऊन दिला, तर आठ दिवसांत त्यात नटबोल्ट खुळखुळायला लागले. एका वर्षी स्वेटर विणला आणि स्वतः उभी राहून त्याच्या अंगात घातला. महिन्याने बघते तर स्वेटर सीटच्या पाठीला चढवलेला. विचारलं तर म्हणे सीट फाटली होती.

या वर्षी मात्र तिला चैन पडेना. दिवाळीनंतर तिच्या भावाच्या मुलीचं, रसिकाचं, भाईंदरला हॉलमध्ये लग्न होतं. मागच्या कार्यात धर्माजी ग्रीसने काळ्या झालेल्या चपला घालून आला होता, आणि गाडी रस्त्यावर उभी आहे म्हणून न जेवताच पळाला होता. तेव्हा भावजय सुचेता सगळ्या बायकांसमोर गोड आवाजात म्हणाली होती, "वन्सं, भाऊजी आले होते, की नुसती गाडीच येऊन गेली?" बायका हसल्या. गिरिजाही हसली, पण ते तिच्या काळजात रुतून बसलं. एकदा, फक्त एकदा त्याने माणसासारखं तयार होऊन आपल्या शेजारी बसावं, एवढंच तिला हवं होतं.

पाडव्याच्या खरेदीला ती शेजारच्या हंसाबेनला घेऊन भाईंदरच्या बाजारात गेली. हंसाबेनने सल्ला दिला की भाईला गाडी एवढी प्यारी आहे, तर गाडीलाच काहीतरी घेऊन टाक, झुंबर घे, नवा हॉर्न घे, कसा खूश होतो बघ. गिरिजाच्या अंगाचा तिळपापड झाला. लग्न माझ्याशी झालंय, हॉर्न काय म्हणून घेऊ, असं ती हिंदीत, मराठीत आणि जमेल तेवढं गुजरातीत म्हणाली. शर्ट बघितले, पण ते पुसायला जाणार. घड्याळ बघितलं, ते स्टिअरिंगजवळ लटकणार. बाजार दोनदा पालथा घालून ती रडकुंडीला आली, तेव्हा चपलांच्या दुकानासमोर तिच्या डोक्यात प्रकाश पडला. बूट! अनवाणी गाडी हाकणाऱ्या माणसाच्या ट्रकाला बुटाचा काय उपयोग?

दुसऱ्या दिवशी तिने पहिल्यांदाच लादी पुसली नाही. भुकटीत उमटलेल्या त्याच्या चपलेचं माप दोऱ्याने घेतलं आणि तपकिरी, चामड्याचे, लेस बांधायचे बूट आणले. पाडव्याला ओवाळून समोर ठेवले. धर्माजी लाजलाच. घरातल्या घरात घालून करकर वाजवत फिरला, लग्नाला हेच घालीन म्हणाला. गिरिजाला वाटलं, जिंकले.

लग्नाच्या दिवशी ती सकाळीच पुढे गेली. एक खेप टाकून परस्पर येतो, असं म्हणून धर्माजी बूट ट्रकात ठेवून गेला होता. अक्षता पडल्या तरी त्याचा पत्ता नाही. पहिली पंगत उठत आली तेव्हा साहेब आले, आणि पायात त्याच काळ्या चपला. सुचेताने नेमकं खालीच बघितलं. गिरिजाने त्याला दंडाला धरून बाहेर काढलं.

बूट कुठे आहेत, हे त्याला सांगावं लागलं नाही. रस्त्यापलीकडे ट्रक उभा होता आणि मागच्या बंपरखाली, जिथे दृष्ट लागू नये म्हणून एक जुना काळा बूट लोंबायचा, तिथे नवाकोरा तपकिरी बूट लेसने बांधलेला होता. दुसरा सीटखाली पडला होता.

धर्माजी खाली मान घालून सांगायला लागला. वरसाव्याच्या उतारावर ब्रेक लागला नाही, समोरून टँकर आला, केसभर अंतराने वाचलो. उतरून बघितलं तर मागचा बूट तुटून पडलेला. मग तसंच पुढे जायला मन धजेना, म्हणून हा बांधला.

"मग पायातली चप्पल बांधायची होती," गिरिजा म्हणाली.

"चपलेचा काय? तो बूट तू दिलेला हाय. तोच राखील मना."

"म्हणजे मी कोण? तुमची लिंबू-मिरची?"

गिरिजाने शालूचा पदर खोचला, वाकून बूट सोडला, पुसला, दोन्ही बूट त्याच्या पायात चढवले आणि त्याची चप्पल बंपरला बांधून टाकली. रस्त्यावरचे लोक बघत होते, बघू देत म्हणाली.

मग पंगतीत तो तिच्या शेजारी बसला. बूट चकाकत होते. सुचेताने स्वतः जिलेबी वाढली. सगळं मनासारखं झालं होतं, आणि गिरिजा ताटातला भात नुसता चिवडत होती. उद्या पुन्हा तोच उतार. तोच ब्रेक आणि मागे कोण, तर ती ग्रीसची चप्पल, जिच्यावर त्याचा काडीचा विश्वास नाही. तिला ट्रकाचा राग आला, नवऱ्याचा आला, आणि सगळ्यात जास्त स्वतःचा आला. भरल्या ताटावरून ती उठली.

निघताना धर्माजी सवयीने गाडीच्या मागे चक्कर मारायला गेला आणि तिथेच थबकला. बंपरखाली त्याच्या चपलेशेजारी गिरिजाची लाल पट्ट्याची चप्पल दुहेरी गाठ मारून लटकत होती. दुसरी कुठे फेकली कोण जाणे.

"गिरिजा," तो म्हणाला.

"आधी ब्रेक दुरुस्त करा, मग बोला," ती म्हणाली, आणि दार उघडून वर चढली. आज तिला पायातलं काही काढावं लागलं नाही.